निमकर सरांचे एक्क्याण्णव टक्के

वाघदरीच्या तलावावर पक्षी बघायला येणाऱ्यांना लागणारं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मार्च महिन्यापासून पक्षीच देऊ लागले. वेळ दर मंगळवारी सकाळी सात ते नऊ, जागा सांडव्याजवळचा सपाट खडक. कोरा कागद ज्याचा त्याने आणायचा.

यात चूक असलीच तर ती निमकर सरांची होती, आणि हे ते स्वतः आता कुणी न विचारताही सांगतात. अनंत निमकर तालुक्याच्या हायस्कुलात चौतीस वर्षं शास्त्र शिकवून निवृत्त झाले. निवृत्त झाल्यावर माणसाचं बोलणं कमी होतं असं म्हणतात. सरांचं झालं नाही, फक्त वर्ग गेला. मग त्यांनी ‘सर्वांसाठी पक्षीनिरीक्षण’ नावाची रविवारची सहल सुरू केली. ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, चालता येत नाही, अशा सगळ्यांना तलावावर न्यायचं. कल्पना चांगली होती. सरांनी पाटबंधारे खात्याच्या मागे लागून बांधावर उतरण करून घेतली, वाटेच्या कडेने हाताला लागेल असा दोर बांधून घेतला, पाणकणसाच्या बेटासमोर जमीन सपाट करून घेतली. ही सगळी कामं त्यांनी मनापासून केली, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पण मग त्यांनी नियमावली लिहिली.

नियम चार असा होता की सहलीला येणाऱ्या प्रत्येकाकडे सक्षम प्राधिकाऱ्याचं प्रमाणपत्र असावं. सक्षम प्राधिकारी कोण, हे लिहायचं राहून गेलं. नियम सहा: चाळीस टक्क्यांच्या वर असणाऱ्यांना पहिल्या रांगेत खुर्ची आणि शेजारी मदतनीस मिळेल, मदतनीस म्हणून सहलीतली कोणतीही व्यक्ती चालेल. नियम आठ: सहलप्रमुखाची अडचण दहा टक्क्यांच्या आत असावी. हे दहा टक्के सरांनी स्वतःचा चष्मा आणि डावा गुडघा धरून ठेवले होते. नियम नऊ: संस्थापक पात्र असेल तोवर प्रमुख तोच, आणि प्रमुखाने सगळ्यांवर नजर राहावी म्हणून शेवटपर्यंत मागे बांधावरच उभं राहावं. एवढं लिहून सरांनी कागदाला प्लॅस्टिकचं आवरण घालून घेतलं आणि तो तलावाकाठच्या बाभळीवर ठोकला.

तिथे तो पक्ष्यांनी वाचला. तलावावर सक्षम कोण याबद्दल त्यांच्यात फारसा वाद झाला नाही, कारण उडता, पोहता आणि तासभर एका पायावर उभं राहता येणारं दुसरं कुणी तिथे नव्हतं. तीन जणांचं मंडळ बसलं. राखी बगळा अध्यक्ष, पाणकावळा सदस्य, आणि नावं पुकारायला टिटवी.

पहिल्या मंगळवारी सर दोघांना घेऊन गेले. एक हनीफभाई मोमीन, पेठेत हार्मोनियम दुरुस्त करणारे, दृष्टी तिशीतच गेलेली. दुसरी कुंदा लोखंडे, सरांचीच विद्यार्थिनी, शिवणकाम करायची आणि चाकाच्या खुर्चीवरून सगळ्या गावात हिंडायची. सरांच्या खिशात आणखी एक कोरा कागद होता. आपलंही प्रमाणपत्र एकदाचं करून ठेवावं, नियम सगळ्यांना सारखा, असा उदात्त विचार त्यांच्या मनात होता.

परीक्षा साधी होती. पाणकणसाजवळच्या दगडाशी अर्धा तास बसायचं. तेवढ्या वेळात आसपासचे किती पक्षी उठून गेले, ते पाणकावळा पंख वाळवत वाळवत मोजायचा.

हनीफभाई बसले. अर्ध्या तासात एक धोबी पक्षी उडाला, आणि त्याने नंतर खुलासा केला की त्याला दुसरीकडे काम होतं. "चार टक्के," अध्यक्ष म्हणाले. "पंख नाहीत, एवढीच नोंद घ्या."

कुंदाला आठ टक्के मिळाले. शेरा होता: डाव्या चाकाला तेल घालावे.

मग सर दगडावर बसले. बसताबसता ते म्हणाले, "हे जे समोर पोहताहेत ना कुंदा, चोचीच्या टोकाला पिवळं आणि बुडाशी लाल, त्यांना आपल्याकडे हळदीकुंकू म्हणतात. का म्हणतात, तर—"

का म्हणतात ते ऐकायला हळदीकुंकू बदकं थांबली नाहीत. त्यांच्यामागून शेकाट्या गेले, मग तुतवार, मग काळ्या वारकरी पक्ष्यांचा मोठा थवा पाण्यावरून पाय आपटत पलीकडच्या काठाला गेला. सर त्या प्रत्येकाची माहिती देत होते आणि ते जाताहेत याचीही माहिती देत होते. अर्ध्या तासाने तलावावर मंडळाचे तीन सभासद उरले, तेही कामावर होते म्हणून.

"एक्क्याण्णव," अध्यक्ष म्हणाले.

सरांना वाटलं हे गुण आहेत. त्यांनी मान लववली.

"टक्के, सर," कुंदा हळूच म्हणाली. "अडचणीचे."

"काहीतरी घोटाळा होतोय," सर म्हणाले. "मी धडधाकट माणूस आहे. रोज पाच किलोमीटर चालतो. तीनशे बारा जातींचे पक्षी मी पाहिलेत, वहीत नोंद आहे."

"पाहिलेत की उठवलेत?" अध्यक्षांनी शांतपणे विचारलं. त्यांच्या आवाजात खोच नव्हती. त्यांना रकाना भरायचा होता.

सरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेव्हा टिटवीने पुढचं नाव पुकारलं. पाणकावळ्याने कागद खडकावर पसरला, राखी बगळ्याने ओला पाय त्यावर ठेवला, उचलला. तीन बोटं पुढे, एक मागे. शिक्का स्पष्ट उठला होता.

घरी सरांच्या बायकोने, सरोजताईंनी, तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला. "एकोणचाळीस वर्षं मी हेच सांगतेय," त्या म्हणाल्या, "पण माझ्याकडे शिक्का नव्हता." मग त्यांनी त्याची झेरॉक्स काढून आणली आणि एक प्रत फ्रिजवर लावली.

सरांना त्या रात्री फार वाईट वाटलं. टक्केवारीचं नाही म्हटलं तरी दुःख होतंच, पण त्यांना खुपत होतं ते वेगळंच. वहीत शेवटच्या पानावर ‘रंगीत पाणलावा’ एवढंच नाव त्यांनी एकतीस वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं आणि खाली पान कोरं होतं. पाणकणसात दडून राहणारा, जरा चाहूल लागली की जागच्या जागी दगड होणारा पक्षी. आपल्या तलावावर तो नाहीच, असं सरांनी दोन व्याख्यानांत आणि एका स्मरणिकेत ठासून सांगितलं होतं. बारा वर्षांपूर्वी एकदा हनीफभाई म्हणाले होते, "सर, त्या बेटात कुणीतरी रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारतं बघा, पहाटेचं." सर म्हणाले होते, "बेडूक असेल." आणि मग बेडकांबद्दल वीस मिनिटं बोलले होते. हे आठवून सर अंथरुणात उठून बसले. पाहिलेत की उठवलेत? वहीतले निम्मे पक्षी त्यांना पाठमोरेच आठवत होते.

पुढच्या रविवारी नियमाप्रमाणे सगळं झालं. संस्थापक अपात्र ठरल्यामुळे शिट्टी कुंदाकडे गेली. खरं तर सगळ्यांत कमी टक्के हनीफभाईंचे, पण ते म्हणाले, शिट्टी हे बेसूर वाद्य आहे, मी हात लावणार नाही. बाकीचे आठ-नऊ जण मंगळवारी आपापले खडकावर जाऊन आले होते आणि वीस टक्क्यांच्या आत होते, ते दुसऱ्या रांगेत बसले. पहिल्या रांगेत, पाणकणसाच्या अगदी तोंडाशी, एकच खुर्ची मांडली होती. तिच्यावर सर. शेजारच्या स्टुलावर त्यांचे मदतनीस म्हणून हनीफभाई, कारण एवढं अवघड काम दुसरं कुणी घ्यायला तयार नव्हतं.

लोक फार चांगले वागले. तेच सरांना सोसवेना. उतरणीवर दोघांनी त्यांचे दंड धरले. पेन्शनर जोगळेकरांनी त्यांच्या कानाशी वाकून एकेक शब्द सुटा करत सांगितलं, "आपण. आता. गप्प. बसायचं. हं." मग ते हनीफभाईंकडे वळून म्हणाले, "सरांना पाणी हवंय का?"

"त्यांना विचारा," हनीफभाई म्हणाले. "इथेच आहेत."

सरांना आठवलं. तीन वर्षं ते कुंदाची खुर्ची ढकलणाऱ्या तिच्या भावाला विचारत आले होते, ‘कुंदाला चहा चालेल ना?’ कुंदा तेव्हा पुढ्यातच असायची, आणि तिला चहा मुळीच आवडत नाही हे त्यांना अजूनही ठाऊक नव्हतं. त्यांनी मान वळवून बांधावर पाहिलं. कुंदा दुर्बीण लावून पलीकडे बघत होती. सरांना तिची माफी मागावीशी वाटली, पण माफी मागायची तर बोलावं लागलं असतं.

मदतनिसाचं काम असं होतं. हनीफभाई सरांच्या मनगटावर दोन बोटं ठेवून बसायचे. सरांच्या पोटात वाक्य तयार झालं की ते आधी नाडीत येतं, असं त्यांचं म्हणणं होतं. नाडी उसळली की ते बोटं दाबायचे. पहिल्या रविवारी त्यांनी एकशे साठ वेळा दाबली आणि दुसऱ्या दिवशी हार्मोनियमची पट्टी बसवताना त्यांची बोटं वळत नव्हती. तरी सरांची सात वाक्यं निसटलीच. दुसऱ्या रविवारी दोन निसटली. तिसऱ्या रविवारी एक शिंक, ती मंडळाने नैसर्गिक धरली.

न बोलता बसलं की काय होतं हे सरांना ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांना ते सगळं नवीन होतं. पाण्याला वास असतो. कमळपक्ष्याच्या पायाची बोटं पानावर टेकताना पान किंचित बुडतं आणि परत वर येतं. खंड्या मासा गिळण्याआधी तो फांदीवर आपटतो, हे सरांनी चौतीस वर्षं शिकवलं होतं, पण त्या आपटण्याचा आवाज त्यांनी पहिल्यांदा ऐकला. घरी जाऊन हे कुणाला सांगावं तर शब्द नेहमीच्या वेगाने येईनात. सरोजताईंनी डॉक्टरांना दाखवायचं का म्हणून विचारलं.

पाचव्या रविवारी, ऊन अजून बांधाच्या पलीकडे होतं तेव्हा, पाणकणसाच्या मुळाशी बाटलीवर कुणीतरी फुंकर मारली. हनीफभाईंची मान किंचित वळली. मग लव्हाळ्याची दोन पाती बाजूला झाली आणि तो बाहेर आला.

रंगीत पाणलावा सरांपासून चार हातांवर चिखलात उभा होता. नर होता, कारण त्याच्यामागे चार पिल्लं होती, आणि या जातीत हाक मादी घालते, पिल्लं बापच सांभाळतो. पाठीवर जुन्या सोन्याच्या रंगाचे पट्टे आणि डोळ्याभोवती फिकं कडं, मागे शेपटासारखं ओढलेलं. तो दोन पावलं टाकायचा आणि सगळं अंग खालीवर हलवायचा. पिल्लंही तसंच हलवायची, जरा उशिराने.

सरांचं तोंड उघडलं. एकतीस वर्षांचं सगळं त्यांच्या गळ्याशी आलं: लॅटिन नाव, मराठी नाव, अंड्यांची संख्या. हनीफभाईंनी बोटं घट्ट दाबली. सरांनी तोंड मिटलं. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही, कारण हात हलला असता.

मग त्यांच्या लक्षात आलं की शेजारी बसलेल्या माणसाने हा पक्षी बारा वर्षांपूर्वी ओळखला होता आणि तो कसा दिसतो हे त्याला आजवर कुणीही सांगितलेलं नाही.

त्यांनी फार सावकाश हनीफभाईंचा हात आपल्या मनगटावरून काढला, उलटा केला, आणि तळहातावर बोटाने एक वर्तुळ काढलं. मग वर्तुळाला मागे शेपूट. मग खाली वाकलेली लांब चोच. मग अंगठ्याच्या बुडाशी बाप, आणि त्याच्यामागे करंगळीपर्यंत चार ठिपके. बाप हलला की सर तिथे बोट हलवायचे, पिल्लं हलली की ठिपक्यांवर टकटक करायचे. अकरा मिनिटं हे चाललं. हनीफभाईंनी एकदाही मूठ मिटली नाही.

परतीच्या वाटेवर, दोरापाशी पोचल्यावर, हनीफभाई म्हणाले, "सर, बेडकाला चष्मा असतो?"

"असतो," सर म्हणाले. "आणि चार पोरं असतात."

त्याहून जास्त ते बोलले नाहीत. आणि इथेच घात झाला.

मंगळवारी टिटवी गावात येऊन सरांच्या गच्चीवर ओरडून गेली की फेरतपासणीला हजर राहावे. सर गेले, दगडावर अर्धा तास बसले, एकही पक्षी उठला नाही. एक तुतवार तर त्यांच्या चपलेवर चढून उतरला.

"सहा टक्के," अध्यक्ष म्हणाले. "अभिनंदन. आपण पात्र आहात."

"पण मला खुर्ची हवी आहे," सर म्हणाले.

"नियम सहाप्रमाणे ती चाळीसच्या वर मिळते. नियम नऊप्रमाणे आपण बांधावर उभं राहायचं." राखी बगळ्याने मान लांब करून बाभळीकडे पाहिलं. "नियमावली आपलीच आहे ना?"

"माझीच."

"अक्षर छान आहे," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी पाय ओला केला.

त्या रविवारी सर शिट्टी गळ्यात घालून बांधावर उभे राहिले. तिथून पाणकणसाचं बेट हिरव्या ठिपक्याएवढं दिसत होतं. पहिल्या रांगेत कुणीच नव्हतं, कारण चाळीसच्या वर कुणीच नव्हतं. हनीफभाई दुसऱ्या रांगेत बसले होते, चार टक्क्यांना मदतनीस मिळत नाही म्हणून एकटेच. आठाच्या सुमाराला त्यांची मान वळली. सरांना एवढ्या लांबून काहीच ऐकू आलं नाही, पण वळलेली मान दिसली. मग हनीफभाईंनी उजवा हात गुडघ्यावर ठेवला, तळवा वर करून. तो हात सहल संपेपर्यंत तसाच होता. सरांना बांध सोडून पळत खाली जावंसं वाटलं. ते गेले नाहीत. नियम त्यांनीच केला होता, आणि आयुष्यभर मुलांना त्यांनी दुसरं काय शिकवलं होतं?

पुढच्या मंगळवारी हनीफभाई नेहमीपेक्षा लवकर तयार होऊन सरांच्या दारात उभे होते. "मला खडकावर सोडा," ते म्हणाले. "अर्ज द्यायचाय."

टिटवीने अर्जाचा हेतू विचारला. हनीफभाई म्हणाले, "टक्केवारी वाढवून मिळावी."

ते दगडावर बसले आणि बोलू लागले. त्यांना सवय नव्हती. आधी त्यांनी हार्मोनियमच्या भात्याबद्दल सांगितलं, मग धाकट्या बहिणीच्या लग्नात पुलाव कसा कमी पडला ते, मग पेठेतल्या गटाराबद्दल. मधेमधे ते अडखळायचे आणि घसा खाकरायचे. पक्षी उठले नाहीत. उलट दोन शेकाट्या जवळ सरकले. हनीफभाईंचा आवाज खर्जातला होता आणि त्यांना सुरात बोलायची खोड होती.

"पाच टक्के," अध्यक्ष म्हणाले. "एवढंच होतंय. पुलावाचं पुढे काय झालं?"

हनीफभाईंनी कपाळाचा घाम पुसला. मग अध्यक्षांच्या आवाजाच्या दिशेने नव्हे, सर जिथे असतील असं त्यांना वाटलं त्या दिशेने वळून ते म्हणाले, "सर, तुम्ही नेमकं काय बोलायचा?"

सरांनी शिट्टी गळ्यातून काढली, दोरी गुंडाळून खिशात घातली, डावा गुडघा सांभाळत दगडावर हनीफभाईंच्या शेजारी बसले, आणि त्यांनी वर्गात लावायचे तसा आवाज लावला.

"पक्ष्यांचे मुख्य प्रकार किती? म्हणा."

"पक्ष्यांचे मुख्य प्रकार किती," हनीफभाई म्हणाले.

"असं नाही. उत्तर माहीत असल्यासारखं म्हणा. आणि समोरच्याला ते माहीत नाही असं धरा."

हनीफभाईंनी तसं म्हटलं. हळदीकुंकू बदकांनी माना वर केल्या.

"पाणपक्ष्यांच्या पायांत पडदा असतो, हे आपण मागच्या खेपेला पाहिलंच," सर म्हणाले. "मागच्या खेपेला पाहिलंच," हनीफभाई म्हणाले, आणि शेकाट्या उठले. पुढे दोघं एकाच वेळी बोलू लागले, स्थलांतराचे मार्ग, पिसांची रचना, लॅटिन नावं, आणि त्या नावांमागचा इतिहास, जो दोघांनाही ठाऊक नव्हता. वारकऱ्यांचा थवा पाय आपटत पलीकडे गेला. पाणकावळा पंख मिटून मोजत राहिला. शेवटी टिटवीसुद्धा उठून वर एक घिरटी घालून आली, आणि तो वेळ तिने रजेत धरला.

"मोमीन, बेचाळीस," अध्यक्ष म्हणाले. "निमकर, एक्क्याण्णव. दोघंही खुर्चीला पात्र. मदतनीस कोण?"

"हे माझे," सर म्हणाले.

"आणि हे माझे," हनीफभाई म्हणाले.

राखी बगळ्याने बाभळीवरचा कागद एकदा पाहून घेतला. हरकत घेण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्याने दोन कागदांवर पाय ठेवला.

रविवारी कुंदाने शिट्टी वाजवण्याआधी सरांनी तिला थर्मासमधून कोकम सरबत दिलं आणि विचारलं, "चालेल ना तुला?" ती "चालेल" म्हणाली. मग ते खाली उतरले. पाणकणसाच्या तोंडाशी दोन खुर्च्या होत्या. हनीफभाई आधीच येऊन बसले होते, तळहात गुडघ्यावर उघडा ठेवून.

"या खेपेला प्रमाणपत्राला तीन वर्षं मुदत आहे, मधे फेरतपासणी नाही," ते हलकेच म्हणाले. "नंतर पुन्हा बोलून दाखवावं लागेल."

सरांनी त्यांच्या तळहातावर एक वर्तुळ काढलं आणि दोघंही वाट बघत बसले.